दोन वह्या

गाडेकर वकीलबाई म्हणाल्या,
जुगार सिद्ध करायचा तर आकडा आणि पैसा
एकाच मुठीत सापडायला हवा.
धाड पडते, किरकोळ दंड होतो,
दिवेलागणीला शटर पुन्हा गुडघ्याएवढं वर.
त्यापेक्षा उपद्रवाचं कलम धरा.
त्याला तुमचे कान पुरतात, नाक पुरतं.
फक्त लिहून ठेवा : तारीख, वेळ, काय झालं.

म्हणून मी दोनशे पानी वही आणली
आणि टेंभीपाड्याच्या चढावर, पिठाच्या गिरणीसमोर,
खिडकीशी बसून लिहू लागले.

मंगळवार. रात्री साडेनऊ. ओपन आला. आरडाओरडा.
बुधवार. बोळात अकरा मोटरसायकली.
अँटनी सरांची व्हीलचेअर चर्चला निघाली, परत फिरली.
शुक्रवार. जिन्याखाली कुणीतरी लघवी केली. दोनदा.
शनिवार. धक्काबुक्की. सकिनाबीचा ट्रे उलटला.
तीस अंडी.
रविवार. काही नाही.
सोमवार. शिव्या. कोणत्या ते लिहू का, बाईंना विचारायचं.

लिहिता लिहिता कळलं,
बाबल परुळेकराचा धंदा कुणाच्या घरून काय नेतो
याला वहीत रकाना नाही.
नलूचं मंगळसूत्र गेलं.
जाताना आवाज झाला का, बाईंनी विचारलं.
नाही झाला.
मग ते नको.

एक गोष्ट मी बाईंनाही सांगितली नव्हती.
शटरच्या आत, प्लास्टिकच्या स्टुलावर,
दुसरी वही माझा भाऊ लिहीत होता.
मुलुंडच्या कंपनीनं उद्यापासून येऊ नकोस म्हटल्यावर
दिगूला एवढंच मिळालं :
रोजचे चारशे, चहा दोनदा.
तो आकडे उतरवायचा, मी आवाज.
रात्री एकाच माठातलं पाणी प्यायचो
आणि पाच महिने बोलत नव्हतो.

अर्जावर सत्तावीस सह्या, चार अंगठे.
नलूनं सही केली नाही.
तिचा नवरा म्हणत होता, या आठवड्यात नक्की निघतोय.

सुनावणीला साहेबांच्या टेबलावर
दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
म्हणाले, बाई, दोन्ही तुम्हीच लिहिल्यात?

आमचा सात मान खाली घालतो.
कुंभारे बाईंनी दोघांचीही बोटं धरून
पाटीवर तसाच गिरवून घेतला होता,
आधी माझ्याकडून, तीन वर्षांनी दिगूकडून.
शाळा पडली. सात राहिला.

माझी ही, साहेब, मी म्हटलं. आवाजाची.
आणि ती कुणाची?

बाबल दाराशी सुपारी चघळायचा थांबला.
गाडेकर बाई माझ्याकडे बघत राहिल्या.
मागच्या बाकावर, मी इस्त्री केलेला शर्ट घालून
दिगू उभा राहिला.
माझी, म्हणाला.
बारीक आवाज होता. मी कुठे नोंदवला नाही.

आदेश निघाला. अड्डा हटला, बोळ मोकळा.
अँटनी सर आता दर रविवारी वेळेआधीच निघतात,
हातानं चाकं फिरवत, कुणाची मदत न घेता.
दिगू सकाळी सकिनाबीचे ट्रे उतरवतो.
ती म्हणते, त्या तिसांतली नऊ अजून बाकी आहेत.

आणि मला सवय लागलीय, झोप येत नाही.
काल रात्री खिडकी उघडली.
नलूचा नवरा पायरीवर बसलेला,
तोंडावर फोनचा निळसर उजेड.
अंगठा तेवढा हलत होता.
गलका नाही, वास नाही, वाट अडलेली नाही.
मी वही काढली. तारीख घातली.
घड्याळात अकरा वाजून सतरा मिनिटं.
लिहायला घेतलं
आणि सातापाशी थांबले.